साळूबाईचा आवाज

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

जान्हवी उठली ९.१०. ठरलेली वेळ ७.००. उशीर दोन तास दहा मिनिटं. कारण: रस्ता खराब.

हसू नये कोणी. तीस वर्षं आदिलाबादच्या बस स्टँडवर कंट्रोल रूममध्ये बसून मी हेच लिहिलं. गाडी कुठली, आली कधी, सुटली कधी, उशीर किती, कारण काय. कारणाच्या रकान्यात आमी डोळे मिटून ‘रस्ता खराब’ लिहायचो. ड्रायव्हर चहाला थांबलेला असो की सासुरवाडीत जेवायला, खराब रस्ताच. माणसाची चूक लिहिली की चौकशी, जबाब, सह्या. रस्त्याची लिहिली की सगळे मोकळे. रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी हात वळवळतो, म्हणून ही डायरी.

तर पोरगी आली आहे. एकुलती एक, वय एकोणतीस. हैदराबादेत टीव्हीसाठी कार्टून बनवते. दोन महिने घरूनच काम करणार आहे म्हणे. आल्यापासून बापाशी खिदळून राह्यली. माझ्याशी तीनच शब्द: हो, नाही, बघू. मी काय मागते बाप्पा? पोरीनं माझ्यापाशी घडीभर बसून चार गोष्टी कराव्यात, एवढंच. माईकवर गाड्या पुकारायची तेव्हा अख्ख्या जिल्ह्यानं माझा आवाज ऐकला, घरातल्या एका माणसाला तो ऐकवत नाही. हे बोलून दाखवलं तर हे म्हणाले, “भाजीत मीठ बरोबर आहे.” तहसीलीत उमर गेली यांची. फाईल पुढं सरकवायची, आपण काही बोलायचं नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज नवल झालं. मी अंबाडीची भाजी निवडत होते, जान्हवी येऊन समोर बसली. आपणहून!

“आई, एक काम करशील का? आमच्या कार्टूनात एक आई आहे. साळिंदराची. साळूबाई नाव. तिला आवाज पाहिजे.”

“हैदराबादेत आवाज संपले का?”

“एका बाईचा घेतला होता. पण ती दातओठ खाऊन बोलते, सिनेमातल्या दुष्ट सासूसारखी. मला तसं नको. मला खरी आई पाहिजे. जिला वाटतं, आपण लेकराच्या भल्यासाठीच बोलून राह्यलो.”

खरी आई! मी ह्यांच्याकडे पाह्यलं. ऐकलं का, पोरीला खरी आई पाहिजे आणि ती कुठं सापडली, तर घरात. हे पेपरात तोंड घालून बसले.

अकरा मिनिटांचा पहिला भाग आहे. मुलांच्या एका चॅनेलला डिसेंबरच्या एकतीस तारखेपर्यंत द्यायचा. पसंत पडला तर पुढचे पंचवीस भाग हिच्याच हातात. नाही पडला तर दोन वर्षांची मेहनत पाण्यात. लगेच हो म्हणणार होते, पण आपलीपण काही इज्जत असते. मी म्हटलं, “बघू.”

७ नोव्हेंबर, शुक्रवार

रेकॉर्डिंग सुरू. जागा: धान्याची खोली. चारी भिंतींना गोधड्या टांगल्या, दाराला गादी उभी केली, पंखा बंद, कुकर बंद. हे बाहेर खुर्ची टाकून पहाऱ्याला. कापसाचा ऑटो दिसला की तोंडावर बोट ठेवतात. आज एका भंगारवाल्याला यांनी हात जोडले म्हणे.

चित्रं कुठं आहेत विचारलं तर जान्हवी म्हणाली, आधी आवाज मग चित्र. माझ्या आवाजावर साळूबाईचं तोंड हलवणार. मला नुसते कागद दिले. साळूबाई माझी, तिचं पोरगं काटू जान्हवीचं. मी बोलायचं, तिनं बहुतेक गप्प राहायचं. कागदावर जागोजागी लिहिलेलं आहे: ‘काटू काही बोलत नाही.’

गोष्ट मला फार पटली. काटू जंगलात कंद आणायला जातो आणि एकच घेऊन येतो. साळूबाई म्हणते, “एवढंच? सशाचं पोर बघ, टोपलीभर आणलं त्यानं.” बरोबरच आहे. बाई कष्टाची, पोरगं आळशी. आजकाल असं शिकवण असलेलं दाखवतं कोण?

फक्त माझा आवाज यंत्राला झेपेना. “आई, लांब. अजून लांब. आवाजाची सुई लाल होऊन राह्यली.” सरकता सरकता मी दारातल्या गादीला टेकले आणि माईक पार तिकडं तांदळाच्या पोत्यापाशी. तरी सुई लाल! जान्हवी हसली. माझ्यासमोर, तोंड भरून. मी मुद्दाम अजून एकदा लाल केली.

१० नोव्हेंबर, सोमवार

काम हाती घेतलं की अभ्यास करावा. सकाळपासून टीव्हीवर कार्टून बघून राह्यले, मराठी, हिंदी, तेलुगू, जे लागेल ते. वही घेऊन प्रत्येक आईबापाला दहापैकी मार्क दिले.

एक बदक बाप आहे. पोराला दिवसातून सात वेळा ‘बिनकामाचा’ म्हणतो आणि दर वेळी मागून हशा वाजतो. सहा मार्क. एक हत्तीण लेकीला सांगते, तुझ्यापायी मी काय काय सोडलं. लेक मान खाली घालते. हशा. आठ मार्क, कारण खरंच सोडावं लागतं. एक राजा बाप पोराशी चार दिवस बोलतच नाही, पोरगं दाराशी फुलं ठेवतं, बाप लाथेनं उडवतो, हशा. त्याला दोन. न बोलणं काय कामाचं? माणसानं बोलून मोकळं व्हावं.

जान्हवीनं वही पाह्यली. “पोरांना किती मार्क दिलेस?”

“पोरांना कशाचे मार्क? ती कुठं काय करतात?”

ती सोफ्याच्या हातावर बसली. म्हणाली, “लहानपणी ही कार्टून लागली की घरात सगळे हसायचे. मी मात्र त्या पिल्लाकडे बघायची. हशा वाजतो तेव्हा ते काय करतं, म्हणून. बहुतेक वेळा त्याला चित्रातून काढूनच टाकलेलं असतं. मारलं, तर आपल्याला कळतं की मारलं. नुसतं बोललं, तर वरून हशा लावतात.”

मी म्हटलं, बारीक नजर आहे हो पोरीची. बापावर गेली. ती उठून गेली. पण पंधरा मिनिटं बसली होती, मी घड्याळ पाह्यलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मी कमाल केली. कागदावर साळूबाईला दोनच ओळी होत्या. मला त्या अळणी लागल्या, म्हणून पदरची फोडणी दिली.

“तुझ्या वयात मी घर चालवत होती! तुला काय, आयतं गिळायला आहे. मी मेल्यावर कळेल, आई काय असते ते. आणि रडतोस काऊन? मी मारलं का तुला? एक चापट तरी मारली का आजपर्यंत?”

जान्हवीनं यंत्र थांबवलं. “हे कागदावर नाही.”

“असू दे की. किती खरं वाटतं!”

“खरं वाटतं,” ती म्हणाली. “ठेवते.” मग काटूची पाळी आली. काटू काही बोलत नाही. मी म्हटलं पुढं चल, पण तिनं बोट वर केलं. गप्प राहणंपण रेकॉर्ड करावं लागतं म्हणे. पाच सेकंद आमी दोघी गोधड्यांत एकमेकींसमोर गप्प बसलो. ती ओढणी लपेटून अंग चोरून बसली होती. आदिलाबादची थंडी, दुसरं काय. संध्याकाळी तिला ह्यांचा स्वेटर दिला.

फोनवर ती भार्गवला सांगत होती, “आईनं आपल्यापेक्षा चांगलं लिहिलं.” भार्गव म्हणजे तिच्यासोबत काम करणारा पोरगा. मी दाराआड उभी राहून हे दोनदा ऐकलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आजचा प्रसंग भारी. साळूबाई वारुळावर चढते आणि सगळ्या जंगलाला ऐकू जाईल अशी काटूची गाऱ्हाणी सांगते. वारुळाची कल्पना छान आहे, आवाज लांब जातो.

चहाच्या वेळी मी म्हटलं, “असं तर मीपण केलं होतं! आठवते का?” जान्हवी दहावीला होती. शाळा सुटली की स्टँडवर येऊन बसायची, माझी ड्युटी संपली की आमी सोबत घरी जायचो. सहामाहीचं प्रोग्रेस कार्ड मी तिच्या दप्तरात पाह्यलं. गणितात अठरा! माझं डोकं फिरलं, पण मी काय ओरडणारी बाई आहे का? मी विनोद केला. माईकचं बटण दाबलं आणि गाडीच्या सुरात म्हटलं, “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. गणितात शंभरापैकी अठरा मार्क मिळवणाऱ्या कुमारी जान्हवी नरसिंगराव यांनी ताबडतोब कंट्रोल रूममध्ये यावे.” मग तेलुगूत, ‘दयचेसि विनंडी’ म्हणून तेच. मग हिंदीत. नियमच होता, तीन भाषांत सांगायचं. काय हसला स्टँड! निर्मलच्या गाडीचा कंडक्टर शिट्टी वाजवत होता. पुढं वर्षभर पोट्टे तिला ‘प्लॅटफॉर्म अठरा’ म्हणायचे.

मी सांगता सांगता इतकी हसले की ठसका लागला. ह्यांनी कप खाली ठेवला आणि कुंड्यांना पाणी घालायला गेले. सकाळीच घातलं होतं. या माणसाला विनोदाचं वावडं आहे.

“मी हसली होती का तेव्हा?” जान्हवीनं विचारलं.

“हसलीच असशील. सगळेच हसले.”

“हं,” म्हणाली. आणि कप विसळायला घेऊन गेली. तिघांचे.

२९ नोव्हेंबर, शनिवार

माझं काम संपलं, एक ओळ सोडून. शेवटच्या पानावर ‘साळूबाई:’ एवढंच आहे, पुढं कोरं. जान्हवी म्हणते, तीनदा लिहून फाडलं, जमत नाही.

“त्यात काय? काटू पाया पडतो, साळूबाई म्हणते, आता कळलं ना?”

“नाही आई.”

“मग दहा कंद आणतो आणि साळूबाई म्हणते, शाब्बास.”

“मग एक आणला तर?”

मी कागद तिला परत दिला. तिनंपण आग्रह केला नाही. बारा-तेरा दिवसांत चित्रं होतील, तोवर सुचेल म्हणाली. आता ती दिवसभर दार लावून चित्रं हलवते. धान्याच्या खोलीत परत धान्य.

११ डिसेंबर, गुरुवार

नीट लिहायचं आहे, पण हात चालत नाही.

दुपारी जान्हवीनं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला. मी चांगली साडी नेसून बसले होते. साळूबाई काय सुंदर काढली आहे! नाकावर चष्मा, काट्यांचा अंबाडा. तोंड उघडलं आणि माझा आवाज. मी टाळ्या वाजवल्या.

“एवढंच?” साळूबाई म्हणाली, आणि काटू थोडा लहान झाला. मला वाटलं चित्र चुकलं. “सशाचं पोर बघ.” अजून लहान. कागदावर हे कुठं नव्हतं. मला कागदावर नुसतं दिलं होतं, काटू काही बोलत नाही. तो का बोलत नाही ते चित्रात होतं.

मी घातलेल्या फोडणीत तो सगळ्यात जास्त लहान झाला. “मी मारलं का तुला?” म्हटलं आणि पोरगं वाटीएवढं उरलं. मग ती पाच सेकंदांची शांतता. ते वाटीएवढं पोर मान वर करून बघून राह्यलं. हशा कुठंच नाही. वारुळावरून साळूबाई बोलली तेव्हा तो मोहरीएवढा झाला, आणि ही बया चष्मा सावरत सगळीकडे ओरडत हिंडते, “कुठं मेला हा? काटू! हाक मारली की येत नाही!” तिच्या पायाशीच होता.

मग पडदा काळा. शेवटची ओळ नाही ना.

मी म्हटलं, “हे मला दाखवायला बनवलं?”

“नाही आई. मुलांना दाखवायला.”

“मी एवढी वाईट आहे तर कशाला घेतलं मला?”

“तू वाईट आहेस असं कुठं म्हटलं? साळूबाईपण वाईट नाही. तिला दिसत नाही.”

मी उठून साडी बदलली.

१२ डिसेंबर, शुक्रवार

उपकार विसरणारी जात. कोणत्या आईबापानं बोललं नाही? मला माझी आई रोज बोलायची, मी झाले का मोहरीएवढी? चांगली पाच फूट दोन इंच आहे. ताप आला तर रात्रपाळी सोडून आले, सायकल घेऊन दिली, हैदराबादेला धाडली. ते नाही काढलं चित्रात! दिसलं काय, तर वारूळ. स्वयंपाक केला, बोलले कोणाशीच नाही.

(नंतर) त्या राजा बापाला मी न बोलण्याबद्दल दोन मार्क दिले होते. असो.

१४ डिसेंबर, रविवार

आज हे बोलले. बत्तीस वर्षांत इतकं लांब वाक्य पहिल्यांदा. “वनमाला, त्या अठरा मार्कांच्या दिवशी पोरगी तुझ्यासोबत घरी आली नव्हती. पायी आली होती.”

“म्हणजे?”

“ती रडली होती. तू म्हणालीस, नाटकं करते. मी काही म्हटलं नाही.” मग म्हणाले, “मीपण त्या चित्रात कुठंतरी असायला पाहिजे होतो. मागं झाड वगैरे.”

मला हसू आलं आणि रागपण. मी म्हटलं, खोटं. ती हसली होती. उद्या साक्षीदारच आणते.

१५ डिसेंबर, सोमवार

साक्षीदार म्हणजे गयाबाई. स्टँडवर झाडलोट करते, माझ्याआधीपासून आहे. धुकं होतं, प्लॅटफॉर्मवर माणसं शेकोटीभोवती बसली होती, तीपण त्यातच. मी विचारलं, “गया, माझ्या पोरीचं नाव मी माईकवर घेतलं होतं, आठवते? हसली होती ना ती?”

गयाबाईनं माझ्याकडे असं पाह्यलं जसं मी तेलुगू विसरले. “कोणी सांगतलं हसली म्हणून? ताई, ते लेकरू माह्या झाडूच्या खोलीत होतं. दोन घंटे. आतून कडी लावून. मी म्हटलं बाई, चाल, तुही माय वाट पाहून राह्यली. तं म्हणे, मावशी, लोकं गेले का पाहा.”

“मला काऊन नाही सांगितलं?”

“तुमी काचेआत होत्या. हसून राह्यल्या होत्या. म्या हात केला होता.”

काच मला आठवते. हात नाही आठवत. दोन घंटे मी काय केलं असेल? गाड्या लिहिल्या असतील. किनवट, निर्मल, उटनूर, बोथ, एकेक मिनिट लिहिलं असेल.

गयाबाईनं मला चहा पाजला.

१६ डिसेंबर, मंगळवार

चुकलं तर चुकलं म्हणायचं. वनमालाबाई भेकड नाही. जिथं केलं तिथंच निस्तरायचं, तीन भाषांत, असं ठरवून अकरा वाजता परत स्टँडवर गेले. आता घोषणा कॉम्प्युटरची बाई करते, पण माईक अजून आहे. ड्युटीवरचा पोरगा माझ्याच हाताखाली शिकलेला. “या या मॅडम, कुर्सी तुमचीच!”

मी बटण दाबलं. टक् झालं. माझा श्वास सगळ्या स्टँडवर ऐकू आला. आणि काचेतून दिसलं, बाकावर एक पोरगी, शाळेचा ड्रेस, दोन वेण्या, मान वर करून भोंग्याकडे बघून राह्यली.

परत जान्हवीचं नाव? परत सगळा स्टँड ऐकणार आणि तिला कोणी विचारलंच नाही? हे तर परत मीच वारुळावर.

पण बटण दाबलेलं. काहीतरी बोलणं भाग. तोंडातून निघालं, “किनवटला जाणारी गाडी प्लॅटफॉर्म तीनवर उभी आहे.” ती दहा मिनिटांपूर्वीच गेली होती. चार म्हाताऱ्या बोचकी घेऊन धावल्या, तीनवरच्या मंचेरियालच्या गाडीत चढल्या, त्यांना उतरवता उतरवता कंडक्टरच्या नाकी नऊ आले. मी मागच्या दारानं पळाले. गयाबाई झाडू टाकून हसत होती. हसो बिचारी, हा विनोद माझ्यावरचा होता.

१७ डिसेंबर, बुधवार

सकाळी जान्हवीला म्हटलं, “शेवटची ओळ सापडली. गोधड्या टांग.”

तिनं गोधड्या टांगल्या. ह्यांना पहाऱ्याला बसवलं. मी सवयीनं गादीला टेकून बसले, माईक तांदळाच्या पोत्यापाशी. जान्हवीनं कानाला यंत्र लावलं, बोट वर केलं.

मी बोलले. तिनं मान हलवली. “सुई हललीच नाही आई. आवाज आलाच नाही.”

माझा आवाज आला नाही! तीस वर्षांत पहिल्यांदा. जान्हवी उठली, माईक उचलला आणि माझ्या तोंडापाशी आणून स्वतःच धरून बसली. तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला. मग मी परत म्हटलं:

“काटू, तू मला दिसत नाहीस. मी शोधलं नाही, नुसती ओरडले. आता मी खाली बसते. त्या दिवशी सगळं जंगल हसलं, मला वाटलं तूपण हसून राह्यलास. मी वाकून पाह्यलंच नाही. चुकलं माझं, बाळा. तू एक कंद आणला होतास. तो कुठून आणलास, हेपण मी विचारलं नाही.”

बोट वरच होतं. मला वाटलं पाच सेकंद झाले की खाली घेईल. घेतलं नाही. डोळ्यांतून पाणी, नाक लाल, आणि बोट वर. मग ती म्हणाली, आणि हे काही कागदावर नव्हतं:

“आई, अठरा नव्हते. एकोणीस होते.”

“काय?”

“सरांचा नऊ आठसारखा यायचा. मला एकोणीस मिळाले होते.”

“माय वो! मग काऊन नाही सांगितलंस?”

“तू माईकवर होतीस.”

आता याला काय म्हणावं? पोरीचा एक मार्क मी खाल्ला, तोपण तीन भाषांत! मी रडायला लागले आणि जान्हवी हसायला लागली, मग उलटं झालं, मग दोन्ही एकदमच. दाराची गादी सरकली आणि हे आत डोकावले. “ऑटो आला होता. मी थांबवला नाही. चालेल का?” त्यांचेपण डोळे ओले. आमच्या रेकॉर्डिंगात मागं एक कापसाचा ऑटो आहे. जान्हवी म्हणते, राहू दे.

१८ डिसेंबर, गुरुवार

शेवटचं चित्र दाखवलं. साळूबाई चष्मा काढून जमिनीवर बसते, गाल मातीला टेकवते. मोहरीएवढा काटू तिच्या नाकापाशी येतो आणि वाढतो. बोटभर.

“एवढंच?” मी म्हटलं.

जान्हवीनं माझ्याकडे पाह्यलं. मी जीभ चावली. “म्हणजे, छान आहे. पण एवढं बोलली बिचारी, तरी बोटभरच?”

“एका दिवसात बोटभरच वाढतं आई.”

“मग रोज बोलावं लागेल तिला.”

“लागेल. हळू.”

चॅनेलचं काय होईल ते भाग दिल्यावर कळेल. पसंत पडलं तर काटूचे पंचवीस भाग, नाही तर दुसरा कोणी काटू. जान्हवी संक्रांत करून जाणार आहे, हुरडा खायचा म्हणाली. दुपारी मला भाजी निवडू लागली आणि भार्गवची एक गंमत सांगितली, ती काही फार हसण्यासारखी नव्हती, पण मी शेवटपर्यंत ऐकली. तिनं फोडणी करपवली. माझ्या ओठापर्यंत आलं होतं. गिळलं. हे म्हणाले, “भाजीत मीठ बरोबर आहे.”

नोंद राहून गेली होती, ती करते.

गाडी: माझं ‘चुकलं’. सुटण्याची वेळ डिसेंबर २०१२, पोचली डिसेंबर २०२५. उशीर तेरा वर्षं. कारण: रस्ता ख

एवढं लिहून खोडलं. खाली नीट अक्षरात लिहिलं, चालकाची चूक, आणि सही केली.